नाकाच्या दोन बाजू

साडीच्या दुकानात गेले की साडी खांद्यावर टाकून आरशात पाहता येते. सोनाराकडे बांगडी चढवून हात लांब धरता येतो. चप्पल पायात घालून चार पावले चालता येते. चष्म्याच्या दुकानाची तऱ्हाच वेगळी. नवी फ्रेम घालून पाहायची म्हणजे आधी आपला चष्मा काढावा लागतो. आणि आपला चष्मा काढला की समोर आरसा आहे की भिंत आहे, हेच कळेनासे होते. नव्या फ्रेमला काचा असतात, पण त्या बिननंबरी. मग आरशातल्या त्या धुरकट आकृतीला नाक टेकेपर्यंत जवळ जायचे, मान इकडून तिकडे फिरवायची आणि शेवटी काउंटरपलीकडच्या माणसालाच विचारायचे, "कशी दिसते हो?" इतके लाचार गिऱ्हाईक दुसऱ्या कुठल्या दुकानाला मिळत असेल असे मला वाटत नाही. माल दिसत नाही, तो घातल्यावर आपण कसे दिसतो हेही दिसत नाही, आणि पैसे मात्र आपणच द्यायचे!

म्हणून चांगला चष्मेवाला मिळणे हे चांगली शेजारीण मिळण्याइतकेच भाग्याचे, असे मी मानते. त्या बाबतीत माझे नशीब थोर. माझे माहेर ठाण्याचे, नौपाड्यातले. लग्नानंतर डोंबिवलीला आले ती इथलीच झाले. आमचा चष्मेवाला डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून पाच मिनिटांच्या वाटेवर. दुकान एवढेसे. चार गिऱ्हाइके आत आली तर पाचव्याने पायरीवर उभे राहायचे. पण कल्याणहून आणि ठाण्याहून लोक गाडी करून इथे येतात, आणि गर्दीच्या वेळी डोंबिवलीला उतरणे व पुन्हा चढणे म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले आहे त्याला या दुकानाची थोरवी वेगळी सांगायला नको. दिवाळीच्या आधीचा आठवडा तर विचारूच नका. फडके रोडवर पहिल्या आंघोळीच्या दिवशी सकाळी तरुण मंडळींचा जो मेळा भरतो, त्यात नव्या कपड्यांबरोबर नवा चष्माही मिरवायचा असतो ना!

दुकानाचे मालक पन्नाशीच्या पुढचे आहेत. दुकान त्यांच्या वडिलांनी सुरू केलेले. बोलणे कमी, हसणे त्याहून कमी. पण काडी सैल झाली, स्क्रू पडला, नाकावरची गादी पिवळी पडली, तर तुम्ही चष्मा कुठून घेतला होता हे ते विचारत नाहीत. चष्मा हातात घेतात, पाठीमागच्या टेबलाशी जातात, बारीक पेचकस फिरवतात, काचा पुसतात आणि परत आणून देतात. "किती झाले?" म्हटले की हात जोडतात. "अहो, पाण्याचे पैसे कुणी घेतं का?" हे त्यांचे ठरलेले उत्तर. एकदा माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी एका बाईंना महागडी काच नाकारली. "तुमचा नंबर लहान आहे. जाड काचेला घाबरू नका, ती जाड होणारच नाही. उगाच कशाला दुप्पट पैसे घालवता?" त्या बाई थोड्या हिरमुसल्या. महाग वस्तू घेण्याचा आनंद त्यांच्या हातून गेला होता!

या माणसाचे खरे कसब पाहायचे तर ते माप घेताना. १९५९ साली फ्रान्समध्ये एक नवी काच बाजारात आली. तिच्यात वरून लांबचे, मधून मधले आणि खालून जवळचे दिसते, आणि मध्ये रेघ नसते. आता आपल्याकडे चाळिशी ओलांडलेली पुष्कळ माणसे तीच वापरतात. पण या काचेची एक खोड आहे. तिच्यात वाचण्याची वाट अगदी अरुंद असते. ती बुबुळाच्या नेमकी समोर आली नाही तर माणसाला पायरी कुठे आणि पाय कुठे हे समजत नाही. त्यामुळे दोन्ही डोळ्यांतले अंतर सबंध मोजून भागत नाही. नाकाच्या मध्यापासून उजवे बुबुळ किती आणि डावे किती, हे वेगवेगळे मोजावे लागते.

"निम्मं केलं तर चालत नाही का?" असे मी एकदा विचारले.

"काकू, मला इतक्या वर्षांत दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असलेला माणूस भेटलेला नाही," ते म्हणाले. "एक कान वर असतो, एक खाली असतो. नाक मध्यावर असतंच असं नाही. म्हणून तर आमचं दुकान चालतं. नाहीतर चष्मे टपालानंच पाठवले असते."

मी घरी येऊन आरशासमोर उभी राहिले आणि पट्टी लावून पाहिले. खरोखरच माझा उजवा कान वर आहे! इतकी वर्षे मी तो घेऊन वावरत होते आणि कुणी मला सांगितले नव्हते.

आमच्या 'ह्यां'ना तर पट्टी लावायचीही गरज नाही. नऊ वर्षांचे असताना विटी लागून त्यांची डावी भुवई फाटली. टाके पडले, जखम भरली. पण भुवईत एक पांढरी फट राहिली आणि डावी पापणी कायमची अर्धी मिटलेली झाली. त्यामुळे हे सदा एका डोळ्याने जागे आणि एका डोळ्याने पेंगत असल्यासारखे दिसतात. कचेरीत नव्या साहेबाचा गैरसमज होई. त्यांच्यासाठी चष्मा बसवणे म्हणजे मालकांची परीक्षाच. एका बाजूची काडी गरम करून वाकवायची, पुन्हा घालून पाहायचे, पुन्हा काढायचे. तास-तास चाले, पण भुवईवर फ्रेम टेकू द्यायची नाही म्हणजे नाही.

सहा वर्षांपूर्वी यांची तक्रार सुरू झाली. वाचताना ओळ हरवते, जिन्यात धक्का लागतो, चष्म्याचा नंबर वाढला आहे. आम्ही दुकानात गेलो. यांनी त्या दिवशी ट्रेमधली सर्वांत महाग फ्रेम पसंत केली, हेही सांगून ठेवते. मालकांनी खुर्चीवर बसवून समोरचा तक्ता वाचायला लावला. मोठ्या अक्षरांपासून बारीक अक्षरांपर्यंत उतरत जाणारा हा तक्ता १८६२ साली हॉलंडच्या स्नेलेन नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तयार केला. आज जगभर त्याच्याच तऱ्हा चालतात. यांनी शेवटची ओळ घडाघडा म्हणून दाखवली. तेवढ्यात चहा आला. पोऱ्याने यांच्या डाव्या हाताशी कप धरला. तो धरून उभा आहे आणि हे आपले समोर पाहून बोलत आहेत! मालकांनी पोऱ्याला डोळ्यांनी थांबवले. मग यांच्यासमोर येऊन बसले. म्हणाले, "काका, माझ्या नाकाकडे बघा. नजर हलवू नका." आणि आपली बोटे कानांच्या बाजूने हळूहळू पुढे आणू लागले. "बोट दिसलं की सांगा."

बोटे बरीच पुढे आली तरी हे काही सांगेनात.

मालकांनी ती महाग फ्रेम उचलून ट्रेमध्ये ठेवली आणि ट्रे कपाटात सरकवला. "काका, आज मी तुम्हाला चष्मा विकणार नाही. आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. उद्या नको, आजच जा."

काचबिंदू होता. मोतीबिंदूत काच धुरकटते, ती बदलता येते. काचबिंदूचे तसे नाही. डोळ्यातला दाब वाढतो, मागची नस हळूहळू वाळत जाते, आणि दृष्टी कडेने विझत येते. मधले शेवटपर्यंत स्वच्छ दिसते, म्हणून माणसाला कळतच नाही. तक्ता जे विचारतो त्याचे उत्तर माणूस बरोबर देतो. कडेला काय चालले आहे हे तक्ता विचारतच नाही. डॉक्टर म्हणाले, "गेलेलं परत येणार नाही. राहिलेलं राखता येईल. आणखी वर्षभर नवे चष्मे करत बसला असतात तर राखायलाही फार उरलं नसतं." तेव्हापासून रोज रात्री औषधाचे थेंब. एका दुकानदाराने एक चष्मा विकला नाही, त्याची ही किंमत. ती कुठल्या वहीत मांडायची?

असा हा माणूस. आता त्याच्या दुकानात घडलेली गंमत ऐका.

नवा चष्मा दिला की गिऱ्हाइकाचा फोटो काढायचा आणि दिवाळीला शुभेच्छापत्रावर छापून त्याच्या घरी पाठवायचा, अशी या दुकानाची जुनी चाल आहे. गेल्या वर्षी दुकानाला पन्नास वर्षे झाली. तेव्हा जुन्या गिऱ्हाइकांचे फोटो मोठे करून दुकानात लावायचे ठरले. ते काम मालकांच्या पुतण्याने घेतले. मुलगा हुशार, संगणकावर बसला की तासन्‌तास उठत नाही. आम्ही पाहायला गेलो. मी भिंतीवर ह्यांचा फोटो शोधते आहे, पण सापडेना. शेवटी हेच म्हणाले, "अगं, शर्ट माझा दिसतोय."

शर्ट यांचा होता. आतला गृहस्थ कुणी निराळाच. सुरकुत्या पुसल्या होत्या, ते ठीक. चष्म्याच्या काचेवरची चकाकी काढली होती, तेही ठीक. पण भुवईतली फट नाही. पापणी वर! दोन्ही डोळे टक्क उघडे. तरी काहीतरी चुकते आहे असे वाटत राहिले, आणि मग उलगडा झाला. पुतण्याने डावा डोळा दुरुस्त करत बसण्याऐवजी चेहऱ्याची उजवी बाजूच उलटी करून डावीकडे जोडली होती! यांच्या उजव्या गालावर एक तीळ आहे. फोटोत दोन्ही गालांवर एकेक तीळ, हातात हात घालून निघाल्यासारखे. दोन्ही कान एका उंचीवर. आणि जोड खाली शर्टापर्यंत नेल्यामुळे डावीकडचा खिसा नाहीसा झाला होता, खिशाबरोबर पेनही. छत्तीस वर्षे कचेरीत काढलेल्या माणसाचा खिसा आणि पेन काढून घेतल्यावर मागे काय राहते, ते त्या फोटोत दिसत होते.

मला हसू आवरेना. पण फोटो सुधारण्याची ही हौस काही त्या मुलाने शोधून काढलेली नाही. म्युनिकच्या हान्फ्श्टेंगल नावाच्या छायाचित्रकाराने १८५५ सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात एकाच माणसाचे दोन फोटो मांडले होते, एक जसाच्या तसा आणि एक हात फिरवलेला. तेव्हापासून लोकांना दुसराच आवडत आला आहे. आपल्याकडे तर फोटोवर कुंचल्याने रंग चढवून त्याचे चित्रच करण्याची पद्धत संस्थानी दरबारांपासून गावच्या स्टुडिओपर्यंत होती.

माझाही असा एक फोटो आहे, १९७६ सालचा. ठाण्याच्या एका स्टुडिओत 'दाखवण्यासाठी' काढलेला. मला अकराव्या वर्षापासून चष्मा. मुलीला चष्मा आहे म्हटले की त्या काळी स्थळे मागच्या पावली फिरत. म्हणून आत्याने चष्मा काढून घेतला आणि मला कॅमेऱ्यासमोर बसवले. पण चष्मा काढला तरी नाकावर त्याच्या गाद्यांचे दोन वण राहतातच. स्टुडिओवाल्याने निगेटिव्ह तिरप्या काचेवर ठेवली, खालून उजेड घेतला आणि टोकदार पेन्सिलीने ते वण भरले. निगेटिव्हवर काळे केले की कागदावर उजळ उमटते; त्यामुळे पेन्सिलीच्या चार ठिपक्यांत माझा चष्मा जणू जन्मापासून नव्हताच असे झाले. पुढे मला समजले की तिकडून आलेल्या फोटोची गतही तीच होती. ह्यांचा फोटो उजव्या बाजूने काढलेला होता!

मग पोह्यांचा कार्यक्रम झाला. माझा चष्मा आतल्या खोलीत, फडताळावर. समोर एक पांढरा सदरा आणि त्यावर एक गोल एवढेच मला दिसले. भुवई नाही, पापणी नाही. मी होकार दिला तो एका आवाजाला. "पोहे फार चांगले झालेत, पण बशी जरा अलीकडे घ्या, कडेवर आहे," असे तो आवाज म्हणाला होता. लग्न ठरल्यावर तलावपाळीवर आम्ही पहिल्यांदा फिरायला गेलो, तेव्हा मी पर्समधून चष्मा काढून घातला. हे माझ्याकडे पाहत राहिले, मी यांच्या भुवईकडे. मग दोघेही हसलो. मासुंदा तलावाच्या साक्षीने दोन फोटो रद्द झाले.

इटलीत त्रेव्हीझो नावाच्या गावी एका मठात १३५२ साली काढलेले भित्तिचित्र आहे. चष्मा लावलेल्या माणसाचे जगातले सर्वांत जुने चित्र ते हेच, असे म्हणतात. कार्डिनल ह्यू लिहीत बसले आहेत आणि नाकावर चष्मा आहे. मौज अशी की ह्यू वारले १२६३ साली, आणि चष्म्याचा शोध इटलीतच त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी लागला! विद्वान माणूस आहे, तेव्हा चष्मा हवाच, असे चित्रकाराला वाटले असावे. म्हणजे चष्म्याचे पहिले चित्रही हात फिरवलेलेच. तिथे नसलेला चष्मा चढवला, ठाण्याला असलेला उतरवला. आपला चेहरा जसाच्या तसा हवा असतो तो फक्त सरकारला. अमेरिकेच्या व्हिसासाठी २०१६ च्या नोव्हेंबरपासून चष्मा काढून फोटो द्यावा लागतो आणि त्यात कसलाही फेरफार केलेला चालत नाही. मुलाकडे जाताना आम्ही दोघांनी तसे फोटो काढले. दोन गुन्हेगार दिसत होतो, पण आम्हीच होतो!

तर त्या दिवशी दुकानात माझे हसणे ऐकून मालक पुढे आले. त्यांनी तो फोटो त्याआधी नीट पाहिलाच नव्हता. दिवाळीची गर्दी, वेळ कुणाला? आता मात्र ते फोटोकडे पाहत राहिले. मग कपाटातून मापांची वही काढली, यांचे पान उघडले आणि पुतण्याला जवळ बोलावले. "वाच."

"उजवं ३०, डावं ३२. डावा कान तीन मिलिमीटर खाली. डावी भुवई, फ्रेम टेकू नये."

"आता हा फोटो बघ. या माणसाला आपला चष्मा बसेल का?"

पुतण्या गप्प.

"बसणार नाही," मालक म्हणाले. "मग हे आपलं गिऱ्हाईक नव्हे." असे म्हणून त्यांनी खिळ्यावरून फोटो उतरवला आणि मूळ फोटो दुसऱ्याच दिवशी लावण्याचे कबूल केले.

मला त्यांचे अगदी पटले. या विषयावर निकाल लागला असे समजून मी पर्स उचलली. तोच हे म्हणाले, "तो टाकून देऊ नका. मी घेऊन जातो."

वाटेत मी काही विचारले नाही. घरी आल्यावर हे खिडकीशी बसले आणि फोटो डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "आई असती तर तिला दाखवला असता."

सासूबाईंची हकीकत मला ठाऊक होती. त्या दुपारी हे घरात भुणभुण करीत होते, म्हणून त्यांनीच रागावून सांगितले होते, "जा, बाहेर जाऊन खेळ." अर्ध्या तासाने मुलाला रक्तबंबाळ उचलून आणले. त्यानंतर त्या चाळीस वर्षे जगल्या. या गोष्टीबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. पण नरकचतुर्दशीला पहाटे यांना पाटावर बसवून तेल लावताना त्यांचा अंगठा डाव्या भुवईशी आला की थांबे. तिथे थोडे तेल जास्त लागे. हे बापई गडी, पुढे दोन मुलांचे वडील, पण तेवढा वेळ हालत नसत. मी दाराशी उटण्याची वाटी घेऊन उभी असे आणि दरवर्षी ते पाहत असे.

त्या फोटोतला माणूस म्हणजे विटी न लागलेला मुलगा होता. खोटा, पण कुणाला तरी हवा असलेला. ज्या पोराने तो चेहरा जुळवला त्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. त्याने आपले यंत्राचे बटण दाबले. तरी जी दुरुस्ती एका आईला आयुष्यभर करावीशी वाटली असेल, ती त्याच्या हातून होऊन गेली. मी त्या फोटोला पुन्हा हसले नाही.

आता मूळ फोटो दुकानात आहे. फट, पापणी, खिसा, पेन, सगळे जागच्या जागी. दुसरा यांनी सासूबाईंच्या तसबिरीच्या मागे, चौकटीच्या फळीत सरकवून ठेवला आहे. तो तिथे आहे हे आम्हा दोघांनाच ठाऊक. आता तुम्हालाही.

रात्री नऊ वाजले की हे खुर्चीत मान मागे टाकून बसतात आणि मी थेंबांची बाटली घेते. उजव्या डोळ्याला काही करावे लागत नाही. डावी पापणी मात्र अंगठ्याने भुवईशी धरून वर उचलावी लागते, तेव्हा कुठे थेंब आत जातो.